सत्तावीस दिवसांचा सांगाडा: लंडनच्या मरे ग्रोव्हमधील लाकडी इमारतीचा प्रकरण अभ्यास

लंडनच्या हॅकनी भागातील मरे ग्रोव्ह या रस्त्यावर २००९ साली नऊ मजल्यांची आणि २९ सदनिकांची एक निवासी इमारत पूर्ण झाली. तिचा तळमजला प्रबलित काँक्रीटचा आहे. त्यावरचे आठही मजले मात्र भिंती, स्लॅब, जिना आणि लिफ्टचा गाळा यांसह कारखान्यात कापून आणलेल्या भरीव लाकडी पॅनेलांचे आहेत. वास्तुशास्त्राच्या वर्तुळात ती ‘श्टाटहाउस’ या नावाने ओळखली गेली आणि लाकडी संरचनेची जगातील सर्वांत उंच निवासी इमारत म्हणून त्या वेळी तिचा उल्लेख झाला. तो विक्रम पुढे मोडला, आणि त्यात नवल नाही. मागे उरला तो एक आकडा: चार सुतारांनी हा आठ मजली सांगाडा २७ कामाच्या दिवसांत उभा केला. दाट वस्तीतल्या रिकाम्या तुकड्यांवर लाकडी पूर्वनिर्मित घरे बांधावीत असे म्हणणारा जवळजवळ प्रत्येक जण या आकड्याचा दाखला देतो. आकडा खरा आहे, पण तो एकटा उचलला तर चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून त्याच्या मागेपुढे काय घडले, कोणते निर्णय आधी घ्यावे लागले आणि तशीच इमारत त्याच शहरात पुन्हा बांधणे पुढे का थांबले, हे येथे क्रमाने पाहू.

जागा आणि मागणी

इमारतीने व्यापलेली जागा साधारण १७ मीटर लांब आणि तितकीच रुंद आहे. चहूबाजूंना आधीपासून वस्ती, समोर वापरातला रस्ता आणि सामान साठवायला जागा जवळपास नाही, अशी ही परिस्थिती होती. अशा तुकड्यावर बांधकामाचा खर्च आणि त्रास इमारतीच्या आकाराच्या प्रमाणात घटत नाही. सळया, शटरिंग, विटा आणि कचरा ठेवायला मोकळी जागा लागतेच. मिक्सर उभा राहिला की रस्ता अडतो. आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या हाताच्या अंतरावर असल्यामुळे आवाज व धुळीची तक्रार पहिल्याच आठवड्यात येते. मोठ्या भूखंडावर जे काम एका कोपऱ्यात खपून जाते, ते येथे सगळ्यांच्या दारात होते.

विकसक टेलफर्ड होम्स ही खाजगी कंपनी होती आणि तिच्यासोबत मेट्रोपॉलिटन हाउसिंग ट्रस्ट ही गृहनिर्माण संस्था होती. २९ पैकी १९ सदनिका विक्रीसाठी आणि १० परवडणाऱ्या घरांच्या वर्गातल्या होत्या. परवडणारी घरे खालच्या तीन निवासी मजल्यांवर, विक्रीची घरे त्यांच्या वर आणि दोघांची प्रवेशद्वारे वेगळी, अशी विभागणी ठरली. वास्तुविशारद वॉ थिसलटन यांनी तळमजल्याचा आराखडा आरशातल्या प्रतिबिंबासारखा मांडून दोन्ही प्रवेश अगदी सारखे ठेवले. दोन वर्गांना दोन दारे द्यावीत का, हा वाद लाकडाच्या विषयाबाहेरचा आहे. पण दारे दोन द्यायचीच असतील तर ती सारखी असावीत, एवढी काळजी येथे घेतली गेली हे नोंदवायला हवे.

विकसकाच्या दृष्टीने मूळ पर्याय काँक्रीटचा होता. लाकडाचा प्रस्ताव वास्तुविशारद आणि टेक्निकर या संरचना अभियंत्यांनी पुढे आणला. तो मान्य होण्यामागे पर्यावरणाची ओढ असेलही, पण बांधणाऱ्याला पटणारा युक्तिवाद वेळेचा होता: काँक्रीटमध्ये ७२ आठवड्यांचे काम, लाकडात ४९ आठवड्यांचे.

पेटी की पॅनेल

याच रस्त्यावर दहा वर्षे आधी पूर्वनिर्मितीचा एक वेगळा प्रयोग झाला होता, हा योगायोग अभ्यासकाच्या सोयीचा आहे. पीबॉडी ट्रस्ट या गृहनिर्माण संस्थेसाठी कार्टराइट पिकार्ड या वास्तुविशारदांनी १९९९ मध्ये तेथे ३० सदनिकांची पाच मजली इमारत उभी केली. तिच्यात पोलादी सांगाड्याच्या तयार खोल्या कारखान्यातून आणून एकमेकींवर रचल्या होत्या. खोलीच तयार होऊन येत असल्याने आतली फरशी, नळ आणि रंगसुद्धा कारखान्यातच उरकता येतात, हा पेटी पद्धतीचा मोठा फायदा. पण पेटीची रुंदी रस्त्यावरून काय जाऊ शकते यावर ठरते, प्रत्येक पेटी म्हणजे बहुतांशी हवाच वाहून नेणे होते, आणि ती उचलायला क्रेनही तशीच ताकदीची लागते. पॅनेल पद्धतीत भिंती आणि स्लॅब चपटे रचून येतात. एका ट्रेलरवर बरेच मावते आणि खोल्यांचे आकार भूखंडाच्या आकाराप्रमाणे ठरवता येतात. वाकडातिकडा, निमुळता, एका बाजूला सामाईक भिंत असलेला तुकडा असेल तर माझ्या मते पॅनेलच बरे, कारण पेटी आपला आकार जागेवर लादते. मात्र पॅनेल उभे झाल्यावर आतले सगळे काम जागेवरच करावे लागते, आणि हीच बाब पुढे वेळेच्या हिशोबात महत्त्वाची ठरते.

पॅनेल कसे बनते

ही पॅनेले ज्या साहित्याची आहेत त्याला क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर, थोडक्यात सीएलटी, म्हणतात. प्लायवूडचा हा थोराड भाऊ म्हणता येईल. स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या, सुमारे १२ टक्के आर्द्रतेपर्यंत वाळवलेल्या फळ्या एका थरात आडव्या, पुढच्या थरात उभ्या अशा रचून, फॉर्मल्डिहाइड नसलेल्या पॉलियुरेथेन डिंकाने दाबाखाली चिकटवतात. लाकूड ओलाव्याने फुगते आणि आटते ते तंतूंच्या आडव्या दिशेने. थर एकमेकांना काटकोनात असल्यामुळे एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो आणि पॅनेलचे माप बदलत नाही. त्यामुळेच ते दोन्ही दिशांना भार घेते आणि काँक्रीटच्या भिंतीप्रमाणे वापरता येते.

मरे ग्रोव्हसाठी ही पॅनेले ऑस्ट्रियातील केएलएच या कंपनीने पुरवली. भिंतींची जाडी १२८ मिलिमीटर आणि स्लॅबची १४६ मिलिमीटर होती. दारे, खिडक्या आणि नळांसाठीची भोके कारखान्यात संगणक-नियंत्रित यंत्राने कापूनच पॅनेले निघाली. याचा सरळ अर्थ असा, की खिडकी कुठे येणार हे कारखान्याला आराखडा देण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. काँक्रीटच्या कामात शटरिंग लागेपर्यंत बदल चालतात आणि बऱ्याच विकसकांची ती सवयच असते. लाकडी पॅनेलमध्ये जागेवर करवतीने एखादे भोक वाढवता येते, तेवढी लवचीकता आहे. पण स्नानगृह एका खोलीतून दुसरीकडे नेण्याची मुभा नाही. जागेवर वाचणारा वेळ असा कागदावर आधी मोजून द्यावा लागतो. २७ दिवसांच्या कथेत तो काळ कोणी धरत नाही.

उभारणी

तळमजला काँक्रीटचा ठेवल्यामुळे लाकूड जमिनीच्या ओलाव्यापासून वर राहिले आणि रस्त्याच्या पातळीवर मोकळी जागा मिळाली. त्यावर रचना सोप्या क्रमाने चढत गेली: एका मजल्याच्या भिंती उभ्या करायच्या, त्यांच्या डोक्यावर स्लॅबची पॅनेले ठेवायची, आणि त्या स्लॅबवर पुढच्या मजल्याच्या भिंती. जोड स्क्रू आणि पोलादी कोनपट्ट्यांनी घट्ट केले. कायमची टॉवर क्रेन उभारलीच नाही; माल येई तेव्हा फिरती क्रेन येई, पॅनेले ट्रेलरवरून थेट त्यांच्या जागी जात आणि क्रेन निघून जाई. साठवणीची जागा नसलेल्या भूखंडावर हा क्रम अत्यावश्यक होता, आणि तो पाळायचा तर ट्रेलरमधली पॅनेलेसुद्धा उभारणीच्या उलट्या क्रमाने भरलेली असावी लागतात.

चार माणसे आठवड्यातून तीन दिवस काम करत होती. नऊ आठवडे गुणिले तीन म्हणजे २७ दिवस. आता ४९ आठवड्यांच्या एकूण कामात हे नऊ आठवडे बसवून पाहिले तर सांगाड्याचा वाटा पाचव्या भागाहूनही कमी निघतो. बाकीचे ४० आठवडे पाया, तळमजला, वीज-पाणी, आतले अस्तर, बाहेरचे आवरण आणि शेवटच्या कामांत गेले. मग काँक्रीटच्या तुलनेत वाचलेले २३ आठवडे आले कुठून? त्यातला काही भाग अर्थात सांगाड्यातच वाचला, पण बराचसा पुढच्या कारागिरांमुळे वाचला. काँक्रीटचा स्लॅब ओतल्यावर तो भार घेण्याइतका घट्ट होईपर्यंत खाली टेकू उभे असतात आणि त्या मजल्यावर कोणालाही काम करता येत नाही. लाकडी स्लॅबखाली टेकू नसतात. वर सुतार पाचव्या मजल्यावर असताना दुसऱ्या मजल्यावर वायरमन आणि नळकारागीर आत शिरू शकतात, आणि त्यांना ड्रिलने काँक्रीट फोडायची गरज नसते. हातातल्या स्क्रू-यंत्राने पाइप भिंतीला बसतो. शेजाऱ्यांच्या कानांनाही हाच फरक जाणवतो. म्हणून सांगाडा झटपट झाला एवढे सांगून थांबणाऱ्या अहवालांवर माझा फारसा विश्वास नाही. पुढचे कारागीर जुन्याच वेळापत्रकाने बोलावले तर लाकडी सांगाडा नऊ आठवड्यांत होऊनही रिकामा उभा राहील.

वाहतुकीबद्दलही एक ढोबळ हिशोब करता येतो. इमारतीत सुमारे ९०० घनमीटर लाकूड आहे. घनमीटरला ४७० किलो धरले तर सव्वाचारशे टनांच्या आत वजन भरते, म्हणजे भरलेल्या मोठ्या ट्रेलरच्या वीस-बावीस फेऱ्या. काँक्रीटचा मिक्सर एका खेपेत सहा ते आठ घनमीटर आणतो आणि काँक्रीटचे वजन घनमीटरला २,४०० किलोच्या आसपास असते. अरुंद रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला कार्बनपेक्षा हा फरक आधी समजतो.

एक खोली कोसळली तर

पूर्वनिर्मित पॅनेलांच्या उंच इमारतीबद्दल लंडनची स्मृती चांगली नाही. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. काँक्रीटच्या तयार पॅनेलांची एक भिंत बाहेर फेकली गेली, तिच्यावर टेकलेले वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने इमारतीचा पूर्ण कोपरा जमिनीपर्यंत कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले. पॅनेले बळकट होती. त्यांचे जोड मात्र केवळ भार खाली नेण्यापुरते होते. त्यानंतर ब्रिटिश नियमांत असे तत्त्व आले, की एका घटकाच्या नाशामुळे त्या प्रमाणाबाहेर मोठी पडझड होता कामा नये.

मरे ग्रोव्हच्या अभियंत्यांना हे तत्त्व सीएलटीवर लागू करायचे होते, आणि त्यासाठी तेव्हा उंच इमारतींचा तयार दाखला जवळपास नव्हता. त्यांनी आतल्या बहुतेक भिंती भारवाहक ठेवल्या. त्यामुळे संरचना पोकळ चौकोनांच्या दाट जाळ्यासारखी झाली, आणि एखादी भिंत गेली तरी तिच्यावरचा स्लॅब शेजारच्या भिंतींवर तरून राहील अशी जास्तीची क्षमता ठेवली गेली. दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. लाकूड तंतूंच्या दिशेने भार उत्तम घेते, आडव्या दिशेने मात्र चेपते. या रचनेत प्रत्येक स्लॅबची कड वरच्या आणि खालच्या भिंतींमध्ये दाबली जाते, आणि खालच्या मजल्यांवर हा दाब सर्वांत जास्त असतो. जेथे तो लाकडाच्या मर्यादेपलीकडे जात होता तेथे स्क्रूंच्या साहाय्याने भार पलीकडे नेला गेला. उंची वाढत गेली की हीच जागा आधी हरते. म्हणूनच ही मजल्यावर मजला टेकवण्याची पद्धत मध्यम उंचीला शोभते, गगनचुंबी इमारतीला नव्हे.

आवाज आणि आग

हलक्या इमारतीत वरच्या घरातली पावले खाली ऐकू येतात, ही तक्रार लाकडी घरांइतकीच जुनी आहे. आवाज अडवायला वजन लागते आणि लाकडाचा तर तोच फायदा सांगितला जातो की त्याला वजन कमी आहे. उपाय थरांचा होता: स्लॅबवर मऊ निरोधक, त्यावर स्क्रीडचा (सिमेंट-वाळूच्या गिलाव्याचा) तरंगता थर, खाली मोकळी पोकळी, तिच्यात पुन्हा निरोधक आणि मग जिप्सम बोर्ड. भिंतींनाही दोन्ही बाजूंनी बोर्डाचे अस्तर आहे. परिणामी या घरांत आतून कुठेच लाकूड दिसत नाही. लाकडी घर म्हणून भेट देणाऱ्याची यात निराशा होत असेल, पण त्या अस्तरामुळेच आवाज आणि आग या दोन्ही परीक्षा पार पडल्या.

आगीचे गणित उघड्या लाकडापुरते बरेच स्पष्ट आहे. जाड लाकूड जळताना बाहेर कोळशाचा थर बनतो, तो आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो आणि जळणे साधारण मिनिटाला ०.६५ मिलिमीटर या सावकाश गतीने आत सरकते. तासाभरात सुमारे ४० मिलिमीटर गेले असे धरून, उरलेला भाग भार पेलेल अशी जाडी ठेवता येते. वर जिप्सम बोर्ड असेल तर ही घड्याळाची टिकटिक उशिरा सुरू होते. या गणितात एक फट आहे. सीएलटीचे थर डिंकाने चिकटलेले असतात, आणि डिंक तापून सुटला तर कोळशासकट थर गळून पडतो व ताजे लाकूड ज्वाळांसमोर येते. हे धोके नंतरच्या वर्षांतल्या चाचण्यांमधून अधिक नीट समजले, आणि उष्णतेतही सुटणार नाही अशा डिंकांची मागणी त्यातून वाढली. लाकूड दिसावे म्हणून भिंती उघड्या ठेवण्याची हौस असणाऱ्यांनी मरे ग्रोव्हचा दाखला देऊ नये. ती इमारत पूर्ण झाकलेली आहे.

कार्बनचा आकडा

या इमारतीच्या लाकडात १८६ टन कार्बन साठला आहे आणि काँक्रीटच्या सांगाड्यातून सुटला असता असा सुमारे १२५ टन कार्बन वाचला, असे दोन आकडे प्रसिद्ध आहेत. ते बेरीज करून ३१० टन म्हणून सांगितले जातात. येथे दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक म्हणजे एकक. ९०० घनमीटर स्प्रूसचे वजन आणि कोरड्या लाकडातला जवळपास निम्मा कार्बन हा हिशोब मांडला तर १८६ हा आकडा मूळ कार्बनाचा आहे हे लगेच कळते. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचे तर त्याला ३.६७ ने गुणावे लागेल आणि उत्तर ६८० टनांच्या आसपास येईल. हे दोन आकडे सर्रास अदलाबदल करून छापले जातात, आणि दोन इमारतींची तुलना त्यामुळे चौपटीच्या जवळ चुकू शकते.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. साठलेला आणि वाचलेला कार्बन एकाच पारड्यात टाकणे बरोबर नाही. वाचलेले उत्सर्जन वाचलेच. साठलेला कार्बन मात्र इमारत उभी आहे तोवरचा आहे, आणि तोही तोडलेल्या झाडांच्या जागी जंगल पुन्हा वाढत असेल तरच मोजण्याजोगा. युरोपीय मोजणीत पूर्ण आयुष्याचा हिशोब मांडताना लाकडात आत आलेला कार्बन अखेरीस बाहेर गेला असेच धरतात, मग ते लाकूड जाळले जावो वा दुसरीकडे वापरले जावो. शेवटी भिंत-भिंत सुटी होऊ शकणारे स्क्रूचे जोड येथे उपयोगी पडतील, कारण चिकटवलेली किंवा ओतलेली रचना सुटी करता येत नाही. परंतु इमारत पाडण्याची वेळ अजून आलेली नसल्याने हा फायदा सध्या तरी संभाव्यच आहे.

ऑस्ट्रियातून लाकूड आणण्याचा आक्षेप मात्र वाटतो तितका जड नाही. दीड हजार किलोमीटर, सव्वाचारशे टन आणि टनामागे किलोमीटरला १०० ग्रॅम असा सढळ दर धरला तरी वाहतुकीचा कार्बन डायऑक्साइड ६० ते ६५ टनांपर्यंत जातो. काँक्रीटच्या तुलनेतली बचत त्याच एककात ४५० टनांच्या वर आहे.

नंतर काय झाले

हॅकनीत पुढच्या काही वर्षांत सीएलटीची घरे वेगाने वाढली, आणि कारण पुष्कळदा जमिनीखाली होते. ब्रिडपोर्ट हाउस या ४१ घरांच्या आठ मजली इमारतीच्या जागेखालून व्हिक्टोरियन काळातली मोठी गटारवाहिनी जाते. तिच्यावर जास्त भार टाकता येत नव्हता म्हणून लाकूड निवडले गेले, आणि तेथे तळमजलाही लाकडीच केला. २०१७ साली झालेल्या डॉल्स्टन वर्क्समध्ये दहा मजल्यांपर्यंत १२१ घरे बसली. तेथेही खालच्या भुयारांमुळे वजनाची मर्यादा होती. जुन्या शहरातले रिकामे तुकडे बहुधा काहीतरी अडचण असल्यामुळेच रिकामे राहिलेले असतात. अशा ठिकाणी हलकी इमारत म्हणजे त्याच पायावर एक-दोन मजले जास्त. गृहनिर्माण संस्थेच्या ताळेबंदात हा मुद्दा कार्बनपेक्षा वजनदार ठरतो.

मग १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला आग लागली आणि ७२ जणांचा बळी गेला. त्या इमारतीची संरचना काँक्रीटची होती. आग पसरली ती नंतर लावलेल्या ज्वलनशील बाह्य आवरणातून. डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडने १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यावर बंदी घातली. नियमाचा रोख आवरणावर होता, पण सीएलटीच्या इमारतीत बाहेरची भिंत हीच संरचना असते, त्यामुळे ती आपोआप बंदीत आली. जवळपास २९ मीटर उंचीची मरे ग्रोव्हची इमारत आज आहे त्या रूपात तेथे परत बांधता येणार नाही.

यातून वाट दोन तऱ्हेने निघते. बाहेरच्या भिंती पोलादी चौकटीच्या किंवा अन्य अज्वलनशील साहित्याच्या करून आतल्या भिंती आणि स्लॅब लाकडी ठेवता येतात. पण मग एका लहान भूखंडावर दोन प्रकारचे पुरवठादार, दोन प्रकारचे जोड आणि दोन वेळापत्रके येतात, आणि चार सुतारांच्या साधेपणाचा फायदा बराचसा जातो. दुसरी वाट १८ मीटरच्या आत राहण्याची. वस्तीतल्या बहुतेक तुकड्यांवर शेजाऱ्यांच्या उजेडाचा हक्क आणि आसपासच्या घरांची उंची पाहता पाच-सहा मजल्यांपलीकडे परवानगी मिळणे कठीणच असते, म्हणून नियमाचा हा अडथळा कागदावर दिसतो तितका मोठा नाही. प्रत्यक्षात आज प्रकल्प अडतात ते विमा कंपनी आणि गृहकर्ज देणाऱ्यांच्या टेबलावर, कारण १८ मीटरच्या खालची लाकडी इमारत नियमात बसत असली तरी तिच्यातल्या आगीचे आणि पाणीगळतीचे नुकसान किती येईल याचा पुरेसा पूर्वानुभव त्यांच्याजवळ नसतो. म्हणून अशा प्रकल्पात विमा देणाऱ्याला आराखडा कारखान्यात जाण्यापूर्वीच चर्चेत आणावे लागते. पॅनेले कापून झाल्यावर त्याने जाडी किंवा अस्तर बदलायला सांगितले तर तो बदल करण्याची वेळ निघून गेलेली असते.